लाल टोपीची सिरिंज आणि विमानतळावरची रांग

मंडळी, पोस्ट लांबलचक आहे. चहा घेऊन बसा. घरात कुणी इन्सुलिन घेत असेल आणि मुलाकडे किंवा लेकीकडे परदेशी जायचं ठरत असेल, तर मधली लाल टोपीची गोष्ट तरी नक्की वाचा.

दरवर्षी फेब्रुवारी-मार्च उजाडला की मला तेच प्रश्न येतात. "इन्सुलिन विमानात नेऊ देतात का हो?" "सुया काढून घेतात म्हणे?" "बर्फ चालतो का?" दोन ओळींत उत्तर देता येतं, देतोही. पण हे नियम आकाशातून पडलेले नाहीत. प्रत्येक नियमामागे कुठली तरी घटना आहे. ती माहीत असली की समोरचा अधिकारी नेमकं काय आणि का विचारतोय ते कळतं आणि आपली निम्मी घाबरगुंडी कमी होते. म्हणून आज थोडा इतिहास. सोबत आमच्या घरातली एक गोष्टही सांगतो. ती आजवर कधी जाहीर लिहिली नव्हती.

सुरुवातीला इन्सुलिन माणसाबरोबर प्रवास करत नव्हतं. माणसालाच इन्सुलिनकडे जावं लागायचं.

१९२१ च्या उन्हाळ्यात कॅनडातल्या टोरांटो विद्यापीठात फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी कुत्र्यांवर प्रयोग सुरू केले. प्रयोगशाळा प्राध्यापक मॅक्लिओड यांची. पुढे अर्क शुद्ध करायला कॉलिप नावाचे रसायनतज्ज्ञ आले. ११ जानेवारी १९२२ ला लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला पहिलं इंजेक्शन दिलं. ते फारसं लागू पडलं नाही, उलट टोचलेल्या जागी गळू झालं. कॉलिपनी अर्क आणखी शुद्ध केला आणि २३ जानेवारीला पुन्हा दिला. या वेळी साखर उतरली.

त्याआधी लहान वयातल्या मधुमेहावर एकच इलाज होता, उपाशी ठेवणं. औषध म्हणून उपासमार! अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री चार्ल्स इव्हान्स ह्यूज यांची मुलगी एलिझाबेथ याच उपचारावर कशीबशी तग धरून होती. १९२२ च्या ऑगस्टमध्ये तिला टोरांटोला बँटिंगकडे नेलं तेव्हा वय पंधराच्या उंबरठ्यावर आणि वजन जेमतेम २० किलो. महासत्तेच्या मंत्र्याची मुलगी, पण औषध हवं तर दुसऱ्या देशात जाऊन राहायचं. ती जगली, संसार केला आणि १९८१ साली गेली. इन्सुलिनवर जवळजवळ ६० वर्षं.

बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी पेटंट विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकलं. आणि २०१९ साली त्याच अमेरिकेतले मधुमेही बसमध्ये बसून स्वस्त इन्सुलिन आणायला कॅनडात गेले. तो वेगळ्या पोस्टचा विषय, पण सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

औषध कारखान्यात बनू लागलं आणि ते बरोबर नेणं शक्य झालं. सोपं मात्र नव्हतं. आपल्याकडच्या जुन्या लोकांना ती स्टीलची डबी आठवत असेल. आत काचेची सिरिंज, दोन-तीन जाड सुया, स्पिरिटचा वास. रोज पातेल्यात उकळायची, सुई बोथट झाली तर दगडावर घासून टोक काढायचं. एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या सिरिंज अमेरिकेत १९६०च्या दशकात रुळल्या, आपल्याकडे त्यानंतर खूप उशिरा. म्हणजे प्रवासात औषधाबरोबर स्टोव्ह आणि पातेलंही हवं! आणि बाटली फुटली तर?

याचं सगळ्यात भयंकर उत्तर शांघायमध्ये मिळालं. एव्हा साक्सल ही तरुणी नवऱ्याबरोबर नाझींपासून पळून चेकोस्लोव्हाकियातून शांघायला पोचली. तिथं तिला मधुमेह निघाला. १९४१ च्या अखेरीस जपानने शहराचा पूर्ण ताबा घेतला, औषधाची दुकानं बंद झाली, काळ्या बाजारातल्या इन्सुलिनचा भरवसा नाही. नवरा-बायको दोघांपैकी कुणी डॉक्टर नाही की केमिस्ट नाही. त्यांनी वैद्यकशास्त्राचं एक पुस्तक मिळवलं, त्यात इन्सुलिन कसं काढलं याची माहिती होती. त्यावरून त्यांनी म्हशींच्या स्वादुपिंडापासून इन्सुलिन बनवलं! सशांवर चाचणी करायची आणि मग स्वतःला टोचायचं. रंग तपकिरी. पण त्यावर ती स्वतः जगली आणि निर्वासित वस्तीतल्या इतर मधुमेह्यांनाही तिनं ते पुरवलं. एव्हाबाई २००२ पर्यंत हयात होत्या. "बॅगेत चार बाटल्या जास्त घे" असं सांगितलं की वैतागणाऱ्या मंडळींना मी ही गोष्ट आवर्जून सांगतो.

आता विमानाकडे वळू.

एअर इंडियाचं मुंबई-लंडन विमान सुरू झालं ८ जून १९४८ ला, कैरो आणि जिनिव्हामार्गे. १९६० च्या मे महिन्यात बोइंग ७०७ न्यूयॉर्कला जाऊ लागलं. त्या काळी विमानात बसताना आजच्यासारखी झडती नव्हती. स्टीलच्या डबीत काय आहे हे विचारायला कुणी उभंच नव्हतं. प्रवाशाला चिंता होती ती औषध गरम होण्याची आणि काच फुटण्याची, पोलिसांची नव्हे.

मग विमानं पळवायची साथ आली. अमेरिकेत १९७३ च्या जानेवारीपासून प्रत्येक प्रवाशाची तपासणी सुरू झाली. आपल्याकडे ३० जानेवारी १९७१ ला 'गंगा' विमान लाहोरला पळवून नेलं. १९७६ ला आणखी एक अपहरण झालं आणि १९७८ मध्ये नागरी विमान सुरक्षेसाठी वेगळा कक्ष स्थापन झाला. १९८५ च्या कनिष्क बॉम्बस्फोटानंतर, १९८७ मध्ये, तो स्वतंत्र खातं बनला. तोच आजचा नागरी उड्डाण सुरक्षा ब्यूरो. १९९९ च्या डिसेंबरात कंदाहार झालं आणि २००० पासून विमानतळ एकेक करत सीआयएसएफच्या ताब्यात गेले. या सगळ्या काळात शोध धातूचा होता. पिस्तूल, सुरा, हातबॉम्ब. इंजेक्शनच्या सुईकडे बघून कपाळाला आठी पडायची, पण "डायबेटिस आहे" म्हटलं की सुटका व्हायची.

११ सप्टेंबर २००१ नंतर ते दिवस संपले. साधा कागद कापायचा कटरही हत्यार ठरल्यावर सुईला कोण सोडणार? अमेरिकेतल्या मधुमेह्यांच्या संघटनेने सरकारकडे धाव घेतली आणि काही आठवड्यांत सवलतीचे नियम आले. सिरिंज नेता येईल, पण सोबत इन्सुलिन हवं. इन्सुलिनवर औषध दुकानाचं छापील लेबल हवं. बोटाला टोचायच्या सुया झाकलेल्या हव्यात आणि सोबत ग्लुकोमीटर हवं.

नियम वाईट नव्हता. पण तो लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर अमेरिकन दुकान होतं. तिथं फार्मसीवाला प्रत्येक औषधावर रुग्णाचं नाव, डॉक्टरचं नाव आणि डोस छापलेली चिठ्ठी चिकटवून देतो. आपला मेडिकलवाला काय करतो? फ्रीजमधून बाटली काढतो, बर्फाचा खडा टाकून प्लास्टिकच्या पिशवीत बांधतो आणि "काका, घरी गेल्या गेल्या फ्रीजमध्ये ठेवा" म्हणतो. बाटलीवर कंपनीचं नाव असतं, काकांचं नसतं. बिलही मागितलं तर मिळतं. म्हणजे आपला माणूस तिथल्या रांगेत उभा राहिला की औषध खरं, आजार खरा, फक्त "हे तुमचंच" असं सांगणारा कागद नाही. डॉक्टरांचं इंग्रजी पत्र घ्या, असं सगळे सांगतात ना, ते या फरकामुळे. ते पत्र आपल्याकडे त्या लेबलचं काम करतं.

पुढचा धक्का १० ऑगस्ट २००६ चा. शीतपेयाच्या बाटल्यांतून द्रव स्फोटकं नेऊन अटलांटिक ओलांडणारी विमानं उडवायचा कट लंडनमध्ये उघड झाला. त्या दिवशी ब्रिटनच्या विमानतळांवर हातातली बॅगच बंद केली. पारदर्शक पिशवीत मोजक्या वस्तू न्यायच्या. त्या यादीत मधुमेहाचं साहित्य होतं, पण द्रव औषध खरं असल्याची खात्री पटली तरच. पुढे सप्टेंबर अखेरीस अमेरिकेत आणि नोव्हेंबरात युरोपात १०० मिलिलिटरचा नियम आला. आपल्या आंतरराष्ट्रीय विमानांनाही तो लागू झाला. औषधांना सवलत होती आणि आहे.

गंमत बघा. इन्सुलिनची बाटली १० मिलिलिटरची, पेनमधलं कार्ट्रिज ३ मिलिलिटरचं. औषध या नियमात अडकण्यासारखं नव्हतंच. अडकायच्या त्या त्याच्या बरोबरच्या गोष्टी. थंडाव्यासाठी ठेवलेली जेलची पिशवी आणि साखर उतरली तर प्यायला ठेवलेला फळांचा रस.

आमच्या आईचं तेच झालं.

२००७ च्या मे महिन्यात आई धाकट्या भावाकडे अमेरिकेला निघाली. सांगलीहून मुंबई आणि वाटेत युरोपात विमान बदलायचं. तेव्हा वय ६३. मराठी शाळेत तीस वर्षं शिकवलेली बाई, इंग्रजी वाचता यायचं, पण समोरच्याचा तो उच्चार कळेना. इन्सुलिनच्या चार बाटल्या, लाल टोप्यांच्या सिरिंज आणि जेलची पिशवी हातातल्या बॅगेत. डॉक्टरांचं पत्र आणि मेडिकलचं बिल आम्ही "महत्त्वाचे कागद नीट राहावेत" म्हणून मोठ्या बॅगेत, साड्यांच्या घडीत ठेवलेले. म्हणजे विमानाच्या पोटात. शहाणपणा आमचा!

त्या विमानतळावर तिला बाजूला घेतलं. बाटल्यांवर नाव नाही, जेल अर्धवट विरघळलेलं. पंचवीस मिनिटं ती उभी होती. मागच्या रांगेतला एक मराठी विद्यार्थी पुढे आला आणि त्यानं दुभाष्याचं काम केलं. शेवटी बाटल्या सोडल्या, जेल कचऱ्याच्या डब्यात गेलं. औषधासाठी नेलेल्या जेलला सवलत मागता येते हे आम्हाला कुठं माहीत होतं? पुढचा सगळा प्रवास ती मांडीवर बॅग घेऊन बसली होती. नंतर फोनवर म्हणाली, "अरे, चोर असल्यासारखं वाटलं मला."

पण खरा धोका विमानतळावर नव्हताच. तो तीन आठवड्यांनी भावाच्या स्वयंपाकघरात आला, आणि त्याची मुळं थेट १९२२ मध्ये जातात.

इन्सुलिन मोजायचं 'युनिट'मध्ये. सुरुवातीला औषध अगदी पातळ होतं, एका मिलिलिटरमध्ये १० किंवा २० युनिट. शुद्धीकरण सुधारलं तसं ४० आलं, मग ८०. दुकानात ४० आणि ८० दोन्ही बाटल्या आणि सिरिंजवर दोन-दोन मोजपट्ट्या, त्यामुळे चुका व्हायच्याच. म्हणून १९७०च्या दशकात अमेरिकेने ठरवलं की आता सगळीकडे एकच, १०० युनिट. ब्रिटनने ते १९८३ मध्ये केलं. बाकीचे बरेच देश मागोमाग गेले.

आपण गेलो नाही. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन मुख्यतः अजूनही ४० युनिटचं असतं आणि त्याच्या सिरिंजची टोपी लाल. १०० युनिटच्या सिरिंजची टोपी केशरी. आपल्या घराघरांत लाल टोपी इतकी मुरलीय की तिच्यावर 'यू-४०' लिहिलंय हे कुणी वाचतही नाही. २००३ साली औरंगाबादच्या वोखार्टने भारतीय बनावटीचं मानवी इन्सुलिन बाजारात आणलं, ही आपल्या राज्यासाठी अभिमानाची गोष्ट. औषध जनुकीय तंत्राने बनलेलं, नव्या जमान्याचं. मोजमाप मात्र जुनंच चालू राहिलं.

तर भावाच्या घरी एक बाटली फरशीवर पडून फुटली आणि दुसरी गाडीत उन्हात राहून गेली. मुक्काम लांबलेला. भावानं दुकानातून तिथलं इन्सुलिन आणलं. जुन्या प्रकारचं मानवी इन्सुलिन तिथं बहुतेक राज्यांत चिठ्ठीशिवाय मिळतं. आपल्याकडे ज्याला ३०-७० म्हणतात त्याच्यावर तिथं ७०-३० लिहिलेलं असतं. आकडे उलटे, माल तोच. भावानं चौकशी करून एवढी खात्री केली आणि त्याला वाटलं, झालं.

आईनं सकाळी नेहमीप्रमाणे तिची लाल टोपीची सिरिंज काढली आणि २० च्या रेघेपर्यंत भरली. आता गणित करा. यू-४० सिरिंजवर २० ची रेघ म्हणजे अर्धा मिलिलिटर. आपल्या बाटलीत अर्ध्या मिलिलिटरमध्ये २० युनिट असतात. तिथल्या बाटलीत ५०. अडीच पट!

नाश्ता केला आणि दोन-अडीच तासांनी तिला दरदरून घाम फुटला. हात थरथरायला लागले, बोलणं तुटक. भावजय घरात होती म्हणून निभावलं. तिनं मीटर लावलं तर ३८. साखरेचं पाणी पाजलं, अँब्युलन्स बोलावली. दवाखान्यात दोन दिवस काढून आई सुखरूप घरी आली. चूक पकडली तिथल्या नर्सनं. तिनं सिरिंज हातात घेऊन विचारलं, ही लाल टोपी कुठली? तिनं तशी सिरिंज कधी बघितलीच नव्हती.

यात दोष कुणाचा म्हणायचा? औषध बरोबर, सिरिंज बरोबर, हात सरावलेला. फक्त बाटली एका देशाची आणि सिरिंज दुसऱ्या देशाची. म्हणून हे आमच्या घरी कॅलेंडरवर लिहून ठेवलंय: बाटली तिथली तर सिरिंजही तिथलीच. उलटही तितकंच खरं. तिकडची १०० ची सिरिंज इथं आणून आपल्या ४० च्या बाटलीत बुडवली तर औषध निम्म्याहून कमी जातं आणि साखर चढत राहते. आणखी एक, पेनमधलं कार्ट्रिज आपल्याकडेही १०० युनिटचंच असतं. पेन बिघडलं म्हणून लाल टोपीच्या सिरिंजने त्यातलं औषध ओढणारी माणसं मी स्वतः पाहिलीत. त्यांची तर विमानात बसायच्या आधीच अडीच पट चूक.

पेन १९८५ ला आलं. प्रवासासाठी त्याच्यासारखी सोय नाही, मोजणी पेनच करतं. पंप आणि दंडावरचे सेन्सर नंतर रुळले आणि तपासणीवाल्यांपुढे नवा पेच आला. यातली काही यंत्रं एक्स-रेमधून किंवा अंगाच्या स्कॅनरमधून नेऊ नका असं त्या त्या कंपनीचं सांगणं असतं, काहींना चालतं. आपलं कुठलं ते घरूनच बघून जावं आणि हाताने तपासणी मागावी.

आणि हे ऐका. ब्रिटनने २०१२ पासून इन्सुलिन घेणाऱ्या वैमानिकांना कडक अटींवर व्यावसायिक विमान चालवायची मुभा दिली, अमेरिकेने २०१९ मध्ये. उड्डाणाआधी आणि उड्डाणात ठरावीक वेळी साखर मोजायची, नोंद ठेवायची. कॉकपिटमध्ये इन्सुलिन चालतं आणि रांगेतल्या आजीला मात्र "हे काय आहे?" विचारतात. चालायचंच.

आता निघणाऱ्यांसाठी थोडं. इन्सुलिन मोठ्या बॅगेत कधीही टाकू नका. बॅग हरवते, आणि सामानाच्या जागेत गारठा किती पडेल याची हमी नाही. गोठलेलं इन्सुलिन पुन्हा पातळ झालं तरी फेकूनच द्यायचं. फ्रीझरमधल्या बर्फाला बाटली चिकटवून ठेवू नका, मध्ये रुमाल गुंडाळा. वापरात असलेली बाटली साधारण चार आठवडे फार उकाडा नसलेल्या खोलीत टिकते, त्यामुळे एका दिवसाच्या प्रवासाला बर्फाचा एवढा बाऊ नको. खेड्यात फ्रीज नसलेल्या घरी माठात ठेवतात तसला ओला गारवाही पुरतो, पाण्यात भिजवून वापरायच्या पिशव्या याच तत्त्वावर चालतात. कागद औषधाबरोबर, हातातल्या बॅगेत. साखर उतरली तर खायला ग्लुकोजच्या गोळ्या किंवा खडीसाखर घ्या, पेढे नकोत, खव्या-तुपामुळे साखर हळू चढते. ग्लुकोज पावडरचा अर्धा किलोचा डबा तर नकोच. २०१८ पासून अमेरिकेला जाणाऱ्या विमानांत पावडरचीही जादा तपासणी असते. जेवणाचा ट्रे समोर आल्याशिवाय जेवणाचं इंजेक्शन घेऊ नका. विमान हलायला लागलं की वाढणं थांबतं आणि टोचलेलं औषध थांबत नाही. पश्चिमेला जाताना दिवस लांबतो, परत येताना आखूड होतो. त्या दिवशीचा डोस कसा घ्यायचा हे वेळापत्रक घेऊन जाऊन डॉक्टरांनाच विचारा, माझ्यासारख्या पोस्ट लिहिणाऱ्याला नको.

एक मागणीही आहे. देशात १० कोटींहून जास्त मधुमेही आहेत असं आयसीएमआरच्या २०२३ च्या अभ्यासात आलंय. आपल्या राज्यातल्या विमानतळांवर तपासणीच्या रांगेआधी "इन्सुलिन, सुया, पंप असल्यास आधी सांगा, परवानगी आहे" एवढी एक मराठी पाटी लावायला किती खर्च येतो? आणि मेडिकलवाल्यांनी इन्सुलिनच्या खोक्यावर रुग्णाचं नाव लिहून शिक्का मारून दिला तर? आमच्या गल्लीतला आता देतो. मी मागे लागलो म्हणून.

आई त्यानंतर दोनदा अमेरिकेला जाऊन आली. डॉक्टरांचं पत्र पारदर्शक पिशवीत, पिशवी गळ्यात. दुसऱ्या वेळी तपासणीवाल्यानं काही विचारायच्या आतच तिनं त्याला ग्लुकोमीटर दाखवलं आणि स्वतःच्या इंग्रजीत समजावून सांगायला लागली. भाऊ सांगतो, तो बिचारा "ओके मॅडम, ओके मॅडम" म्हणत होता आणि मागे रांग खोळंबली होती.

तुमच्याकडे असे काही अनुभव असतील तर खाली लिहा. विमानतळाचं नाव नाही लिहिलं तरी चालेल, काय मागितलं आणि काय दाखवल्यावर सोडलं एवढं लिहा.